अक्काची तरंगलेली अंडी

आई गेल्यावर मला थोरल्या बहिणीनं, अक्कानं वाढवलं. मी बीदरला मास्तरकीचं शिकायला गेले नि नौबादेत खोली घेतली, तेव्हा ती महिन्यातून एकदा मुडबीहून बसनं यायची. हातात डबा, डब्यात ज्वारी आणि ज्वारीत पुरलेली अंडी. एवढे हादरे खाऊन एकालाही तडा गेलेला नसायचा.

निघायच्या आधी ती प्रत्येक अंडं बादलीत सोडून बघायची. तळाला आडवं पडलं तर ताजं. बुडून उभं राहिलं तर ते घरी खायचं. वर आलं तर उकिरड्यावर. माझ्यासाठी फक्त तळाला पडलेली निवडायची.

एकदा ती आली तेव्हा खोलीवर वर्गातल्या दोघी बसल्या होत्या. शहरातल्या, इस्त्रीच्या साड्यांतल्या. मला मिरवायची भारी हौस. "बघा आमच्या अक्काची अंडी, सोडली की बुडतात," म्हणत मी कोपऱ्यातल्या पातेल्यावरचं ताट काढलं नि अंडी आत सोडली. सगळीच्या सगळी वर आली. एकीनं नाकाला पदर लावला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि राग निघाला तो अक्कावर.

"असले नासके आणायलीस व्हय माझ्यासाठी?"

"सकाळीच बघितले की गं, समदे बुडाले होते. आता कामून वर यायलेत, कळंना."

"मग पाणी खोटं बोलायलंय का?"

एकेक अंडं पदरानं पुसून तिनं पुन्हा ज्वारीत ठेवलं. मुक्कामाला आलेली अक्का दुपारच्याच बसनं परत गेली. मी तिला थांब म्हटलं नाही.

संध्याकाळी माझी खोलीतली जोडीदारीण बाजारातून आली नि ओरडली, "माझ्या कैऱ्यांच्या पाण्याला कुणी हात लावला?" कैऱ्या मुरवायला तिनं पातेल्यात मूठमूठ मीठ विरघळवून ठेवलं होतं. मिठानं पाणी जड होतं आणि ताज्या अंड्यालाही वर उचलतं, हा धडा मी पुढच्याच आठवड्यात पोरांपुढं घेणार होते. कपाळ माझं!

रविवारी मुडबी गाठली. अक्कापुढं मीठ घालून अंडं तरंगवलं, साध्या पाण्यात बुडवलं, तिचे पाय धरले. ती हसली. "जाऊ दे गं, झालं गेलं." मला हायसं वाटलं.

मग ती माझ्यासाठी अंड्याची पोळी करायला उठली. अंडं वाटीत फोडलं, वाटी घेऊन उजेडात माझ्याजवळ आली. "बघून घे, मग टाकते तव्यावर." मला वाटलं, चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती. त्यानंतर मी माहेरी जाईन तेव्हा ती आधी वाटी दाखवायची. मी चिडले, रडले, शपथा घातल्या. "सवय लागली गं," एवढंच म्हणायची.

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. बाजारातून आणलेली अंडी मी न बघता तव्यावर फोडते, आणि वाटी घेऊन कुणी जवळ येत नाही म्हणून जीव कासावीस होतो.

शेवटच्या वर्षी तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. तरी चाचपडत चुलीपाशी गेली, अंडं फोडलं आणि मी बसले होते त्याच्या भलत्याच बाजूला वाटी धरून उभी राहिली.

"चांगलं हाय न्हवं?"

"चांगलंच हाय, अक्का."

"न्हाई, नीट बघ," ती म्हणाली.