तिथं गेल्यावर पहिले काय लागेल

जगात जे जे आहे ते खोक्यात नीट बसवता येतं, फक्त बसवणाऱ्याला घाई नको, अशी श्रद्धा असलेला एकच माणूस मी पाहिला आहे. ते माझ्या बायकोचे मामा. आम्ही सगळे त्यांना मामाजी म्हणतो आणि ते मला, माझे केस पांढरे झाले तरी, जवाईबापू म्हणतात. रायपूरच्या ब्राह्मणपारा या वस्तीजवळ काचसामानाच्या एका दुकानात त्यांनी तीस वर्षं माल बांधला. बस्तरच्या खड्ड्यांतून गेलेला त्यांचा एकही कप कान तुटून पोचला नाही, असं मालक सांगत. मामाजी स्वतः याचं श्रेय घेत नसत. म्हणत, "मी सामान नाही बांधत. सामानाच्या बाजूची रिकामी जागा बांधतो. ते हललं नाही पाहिजे, बस."

ही रिकामी जागा त्यांना सगळीकडे दिसायची. लग्नात आहेराचं खोकं हाती आलं, की ते कानाजवळ नेऊन हलवायचे आणि नवरदेवासमोर म्हणायचे, "आतलं मिक्सर हलून राहिलं. बांधणाऱ्याचं मन नव्हतं." एका दिवाळीत त्यांनी आमच्याकडे अनारसे पाठवले. ते खोकं उघडायला आम्हाला इतका वेळ लागला, की ज्यांच्यासाठी उघडत होतो ते पाहुणे चहा पिऊन निघून गेले. अनारसा मात्र एकही मोडला नव्हता. राजधानी जुन्या शहरातून नव्या रायपुरात हलणार असं ठरलं, तेव्हा बूढा तालाबच्या काठावर बसून ते मला म्हणाले, "हे अख्खं शहर बांधून न्यायचं म्हटलं, जवाईबापू, तर सुरुवात कुठून करसान?" मी गमतीनं म्हणालो, "या तळ्यापासून." त्यांनी ते मनावर घेतलं. डोळे अर्धवट मिटून बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पाणी शेवटी. आधी काठ बांधायचा." त्या संध्याकाळी मलाही क्षणभर वाटलं की हे जमेल, आणि तळं एका मोठ्या खोक्यात, न सांडता, हळूहळू नव्या रस्त्यानं चाललं आहे.

मग दुकान बंद पडलं. मालकाच्या मुलांनी तिथं मोबाइल विकायला घेतले, आणि मामाजी साठीच्या जरा अलीकडे बेकार झाले. काम शोधायला ते रोज इस्त्रीचा सदरा घालून, खिशात सुतळीचा गुंडा आणि दाभण घेऊन निघायचे. कोणीतरी सांगितलं म्हणून सिलतऱ्याला एका लोखंडाच्या कारखान्यात गेले. तिथला माणूस म्हणाला, "बाबा, यहाँ पैकिंग नहीं होती, माल खुला जाता है." मामाजी फाटकाशी उभे राहून ट्रकमागून ट्रक पाहत राहिले. घरी येऊन म्हणाले, "बिचारं लोखंड. उघडंच जाते." ऑनलाइन मालाच्या एका गोदामात त्यांना दोन दिवस ठेवलं. तिथं कोणतं खोकं घ्यायचं ते मशीन सांगायचं. मामाजी मशीनशी वाद घालायचे. एका लिपस्टिकसाठी त्यांनी असं काही घरटं विणलं, की तिथली पोरगी हसून म्हणाली, "अंकल, ये अंडा नहीं देगी." तिसऱ्या दिवशी त्यांना आराम करायला सांगण्यात आलं. काम नसलं तरी हात थांबेनात. एकदा मामी सकाळी माझ्याकडे आल्या आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "चहाची गाळणी शोधून राहिली होती मी, तर हे म्हणते, बांधली. पोळपाट बांधला, देव बांधले. आता रिकामे बसले तर खचून जातील, जवाईबापू. तुमच्या हापिसात लावा ना कुठं."

माझ्या हातात तेव्हा खरंच काहीतरी होतं. आमचं खातं नव्या रायपुरात हलत होतं आणि फायली बांधून घेण्याचं काम माझ्याकडे होतं. ठेकेदाराला मी सांगितलं, "एक जुना माणूस पाठवतो, ठेवून घ्या." नातं सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. उत्तर तेवढंसं चांगलं नाही.

ठेकेदाराची माणसं कपाट उघडायची, फायली कवेत घ्यायची, खोक्यात ओतायची आणि वर चिकटपट्टी मारायची. मामाजींनी पहिलं खोकं समोर घेतलं आणि आमच्या बडे बाबूंना विचारलं, "साहेब, तिथं गेल्यावर पहिले काय लागेल?" जे आधी लागेल ते सगळ्यात वर, म्हणजे ते शेवटी भरायचं, हा त्यांचा नियम. बडे बाबूंना नोकरीत असं कोणी विचारलं नव्हतं. ते खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, "पहले? पहले तो... आवक रजिस्टर." मग थांबून म्हणाले, "नहीं. पहले पानी." शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "मुझे तो खिड़की लगेगी." मामाजींनी मान हलवली, जणू खिडकीचीही सोय होईल. बघता बघता सगळा सेक्शन त्यांच्या भोवती जमला. जो तो आपल्याला तिथं काय लागेल ते आठवू लागला. कोणाला घंटी, कोणाला उशी, कोणाला डबा खायला सोबत. पंखा फिरत होता, बाहेर दुपार सुस्त पडली होती, आणि ज्या खोल्या आम्ही अजून पाहिल्याही नव्हत्या त्यांत आम्ही सगळे मनानं राहायला गेलो होतो. इतक्या वर्षांत ते ऑफिस मला त्या दुपारइतकं कधी आवडलं नाही.

संध्याकाळपर्यंत मामाजींची तीन खोकी झाली. बाकीच्यांच्या दोन गाड्या भरून गेल्या होत्या. ठेकेदार ओरडायला लागला, आणि त्या आवाजानं आमचे मोठे साहेब केबिनबाहेर आले. रिकामी टेबलं आणि गप्पा मारणारा सेक्शन पाहून त्यांनी मला विचारलं, "ये किसका आदमी है?"

मामाजी दोन हातांच्या अंतरावर होते. हातात सुतळी, तोंडात दाभण.

मी म्हणालो, "ठेकेदार का होगा, सर."

मामाजींनी तोंडातलं दाभण काढलं, सदऱ्याला पुसलं, खिशात ठेवलं. सुतळी गुंडाळली. माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तेवढ्यासाठीच मी तेव्हा त्यांचा आभारी होतो. घरी जाऊन त्यांनी मामींना सांगितलं, "काम होतं तेवढं झालं." मामींनी माझ्यासाठी चिवड्याचा डबा पाठवला. तो मी खाल्ला, हेही इथं लिहून ठेवतो.

नव्या जागी आम्ही तीन आठवडे फायली शोधत होतो. मामाजींची तीन खोकी तेवढी पाच मिनिटांत लागली. वर पाण्याची बाटली, खाली आवक रजिस्टर, त्याखाली शिक्के. मोठे साहेब म्हणाले, "वाह, ये किसने बाँधा?" बोलायची दुसरी संधी होती. मी खिडकीबाहेर पाहिलं. रुंद, रिकामा रस्ता दूरवर गेला होता आणि त्यावर एकही माणूस नव्हता.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. मामी म्हणाल्या, "ते तिकडं, मूर्तिकारांच्या पाऱ्यात. काम लागलं ना त्याहिले!" कोणाच्या शिफारशीनं, असं मी विचारलं. "कोणाच्या कशाले? कोणी तरी गणपती पेपरात गुंडाळून राहिलं होतं. याहिले पाहावलं नाही."

मामाजी तिथल्या एका मांडवात बसले होते. भोवती पैरा, म्हणजे भाताचा पेंढा, गुडघाभर पसरलेला, आणि त्यात कच्च्या मातीचे गणपती अर्धे बुडून बसलेले. उन्हात सगळं सोनेरी आणि धूसर दिसत होतं. ते खोक्यातल्या एका गणपतीच्या सोंडेखाली पेंढ्याची मूठ इतक्या हळू सारत होते, जणू तो झोपला आहे.

"मामाजी," मी म्हणालो, "त्या दिवशी साहेबांनी विचारलं, तेव्हा मी..."

"हव," ते म्हणाले. "तिथंच तर होतो मी."

"मग घरी काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुम्ही हलून राहिले होते, जवाईबापू. हलणाऱ्या सामानावर कोणी वजन ठेवते का?"

त्यांनी खोकं बंद केलं, सुतळी आडवी-उभी फिरवली, पहिली गाठ मारली आणि आजूबाजूला पाहिलं. मदतीला कोणी नव्हतं. आमच्याकडे जावयाला पाट देतात, ताट देतात, काम सांगत नाहीत. मामाजींनी इतक्या वर्षांत मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नव्हता.

"इथं बोट ठेवा," ते म्हणाले. "दाबून."

मी पेंढ्यात बसलो आणि गाठीवर बोट ठेवलं. त्यांनी वरून दुसरा फास घेतला, सावकाश आवळत आणला. सुतळी माझ्या बोटाला लागली.

"काढा आता," ते म्हणाले.

मी आणखी थोडा वेळ ते तसंच ठेवलं. त्यांनीही घाई केली नाही.