कोलामगुड्यातली सराव परीक्षा

आमच्या उपासना मंडळात देव एक होता आणि मतं अकरा. मतं अकराच, कारण मंडळात घरं अकरा होती; घरातल्या बायकांची मतं वेगळी मोजली असती तर रविवार पुरला नसता. लातुरात आमच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची शेड होती. वडील शाळामास्तर, मंडळ त्यांनीच काढलेलं. दर रविवारी सकाळी तिथं जमायचं, कुठल्या तरी धर्मातलं चार ओळींचं काहीतरी वाचायचं, दहा मिनिटं गप्प बसायचं आणि मग त्या दहा मिनिटांचा सूड उगवल्यासारखं दोन तास बोलायचं. मूर्ती नाही, आरती नाही, प्रसाद नाही. त्यामुळे पोरंही यायची नाहीत. प्रत्येक निर्णय सर्वानुमते घ्यायचा हा वडिलांचा नियम. शेडला पंखा बसवावा की नाही हे सर्वानुमते ठरायला दोन उन्हाळे गेले.

भूकंप झाला तेव्हा परदेशातल्या एका युनिटेरियन चर्चची माणसं मदत घेऊन आली. त्यांना इंग्रजी येणारा कुणीतरी हवा होता, म्हणून वडील त्यांच्यासोबत गावोगाव हिंडले. हिंडता हिंडता कळलं की यांचाही देव एक, यांच्यातही ज्याचं त्याचं मत वेगळं, आणि यांच्याही सभा संपता संपत नाहीत. आपल्यासारखं लांबण लावणारे लोक साता समुद्रापलीकडेही आहेत या जाणिवेनं वडिलांना अगदी भरून आलं. तेव्हापासून त्या चर्चची आणि आमची पत्रं सुरू झाली.

माझे चुलते औशाकडच्या आमच्या मूळ गावी राहायचे. भूकंपात त्यांचं घर गेलं आणि काकू गेल्या. पुढं पंचनाम्याच्या वेळी शहरातून आलेली एक कार्यकर्ती पोरगी त्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्याच्या शेडमध्ये गेली आणि साहेबांसमोर काय सांगायचं, खोल्या किती म्हणायच्या, कुठं रडायचं नाही, हे तिनं त्यांना नीट समजावून दिलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, घर गेलंय माझं. वाचा न्हाई गेली."

हे वाक्य मी पुढची वीस वर्षं वापरलं. मंडळात, शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत, जिथं म्हणून कुणी समाजसेवेचा विषय काढला तिथं मी काकांना उभं केलं. लोक हसायचे, मान हलवायचे. उपकार करायला निघालेल्या माणसांची खोड मला किती बरोबर कळली आहे, याचं मला फार कौतुक होतं.

दरम्यान लातूर बदललं. भूकंपानं जेवढं हललं नसेल तेवढं क्लासेसनी हलवलं. गल्लीगल्लीत फलक लागले आणि त्यांच्यावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. गावात तेहतीस कोटी देवांना जागा होती, ती या पोरांनी घेतली. मीही एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागलो. माझं नाव होतं ते 'हमखास येणाऱ्या प्रश्नां'साठी. बेडकाचं हृदय मी पोरांना असं पाठ करून दिलं होतं की बेडूक पाहिलेला नसला तरी चालायचं. बऱ्याच जणांनी पाहिलेला नव्हताच.

मग एकदा चर्चचं पत्र आलं. त्यांनी तिकडच्या मूळ रहिवाशांच्या सोबतीनं हवामान न्यायाचं काम हाती घेतलं होतं. तुम्हीही काही कराल का, असं विचारलं होतं. हवामान न्याय म्हणजे काय यावर आमचे तीन रविवार गेले. शेवटी वडिलांनी सोपं करून सांगितलं: धूर करणारे एक आणि खोकणारे दुसरे, हे थांबवायचं. नांदेडहून महिन्यातून एकदा येणारे आमचे होमिओपॅथी डॉक्टर किनवटच्या डोंगरात एका कोलामगुड्यावर औषधं घेऊन जात असत. कोलाम हे तिथले आदिवासी, गुडा म्हणजे त्यांची वस्ती. डॉक्टरांनीच तो गुडा सुचवला. वडील तेव्हा थकले होते, तरी ठराव त्यांनीच लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 'हे काम आपण आदिवासींसाठी नव्हे, आदिवासींच्या सोबत करू.' सर्वानुमते मंजूर झालं, आणि चक्क एका रविवारात.

ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं, त्या गावची पाच शहाणी माणसं अशा रीतीनं बारमाही झऱ्याकाठच्या लोकांसोबत पर्यावरणाचं काम करायला निघाली. मुदखेडला गाडी बराच वेळ थांबायची. तिथं चहा पिता पिता आम्ही जंगलतोडीवर बोलायचो. आमच्यातल्या एकालाही सागाचं पान ओळखता येत नव्हतं.

गुडा तीसेक घरांचा. मागं डोंगर, डोंगरावर जंगल, जंगलात तो झरा. मोहाची झाडं घराघरांत वाटलेली. कुठलं झाड कुणाचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कागदावर यातलं काहीच त्यांचं नव्हतं. तो डोंगर कुंपण घालून नुसत्या सागाच्या लागवडीला द्यायचं घाटत होतं. तसं झालं तर झराही आत आणि मोहही आत, आणि गुडा बाहेर. म्हणून गुड्यानं ग्रामसभा घेऊन सामूहिक वनहक्काचा दावा टाकला होता. जुने कागद नव्हते. पुरावा म्हणून काय ते म्हाताऱ्या माणसांचे जबाब. प्रांतसाहेबांपुढं सुनावणीची तारीख लागली होती.

गुड्याच्या नाईकानं, म्हणजे तिथल्या प्रमुखानं, आमच्याकडं एकच गोष्ट मागितली. आलेले कागद वाचून दाखवा, आणि साहेब काय काय विचारील तेवढं सांगा. एवढंच.

प्रश्न विचारणार म्हटल्यावर माझ्यातला सर जागा झाला. मी संभाव्य प्रश्नांचा संच काढला. प्रत्येक प्रश्नाचं आदर्श उत्तर तयार केलं. पाच रविवार मोहाच्या सावलीत बसून सहा म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ते घोकून घेतलं. तुमच्या जंगलाची पूर्वेची हद्द कुठली? पूर्वेला अस्वलखडक, तिथून नाल्यानं खाली जुन्या जांभळीपर्यंत. तुम्ही जंगलातून काय आणता? मोह, चारोळी, तेंदूपानं, बांबू, कंद, मध, याच क्रमानं. आमच्या डॉक्टरांनी दबक्या आवाजात विचारलं, हे जरा जास्त होत नाही ना? मी म्हणालो, लातूरची पद्धत आहे डॉक्टर, निकाल बघा.

सुनावणीच्या आदल्या रविवारी मी सराव परीक्षा घेतली. तोंडी, वीस गुणांची. तिघांना सतरा-अठरा पडले. सगळ्यात कमी पडले एका म्हातारीला. तिला पूर्वेची हद्द विचारली की ती स्वतःच्या आईपासून सुरू करायची. मोहाच्या दिवसांत पहाटे कोण कोण निघालं होतं, कुणाच्या डोक्यावर टोपली होती, कुत्रं कुणाचं होतं. मी तिला दोनदा थांबवलं. आजी, मुद्द्यावर या. ती थांबायची, माझ्याकडं बघायची आणि पुन्हा आईपासून सुरू करायची. मी वीसपैकी चार दिले आणि जबाब देणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव काढायला लावलं. नाईकानं मान डोलावली. त्यांच्यात पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत, हे मला नंतर कळलं.

सुनावणीला ती तरीही आली. सगळ्यांसोबत टेम्पोत बसली आणि कचेरीच्या त्या खोलीत मागं भिंतीशी उकिडवी बसून राहिली.

प्रांतसाहेब तरुण होते, शांत होते, स्वतःच्या हातानं लिहून घेत होते. पहिल्या म्हाताऱ्यानं पूर्वेची हद्द सांगितली. पूर्वेला अस्वलखडक, तिथून नाल्यानं खाली जुन्या जांभळीपर्यंत. जंगलातून काय आणता? मोह, चारोळी, तेंदूपानं, बांबू, कंद, मध. साहेबांनी लिहिलं. दुसऱ्यानंही तेच सांगितलं, त्याच शब्दांत, त्याच क्रमानं. साहेबांनी मान वर केली. तिसरा नाईक होता, माझा सतरा गुणांचा विद्यार्थी. त्यानं सगळं एका दमात म्हटलं, आणि शेवटी मी दर वेळी जे म्हणायचो तेही न विसरता म्हटलं, "हा प्रश्न हमखास येतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. हे कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. तिघांनीही लगेच माझ्याकडं बोट केलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि तेवढं एक मी शिकवायचं विसरलो होतो.

साहेबांनी मला विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, लातूरला शिकवतो. क्लास का? हो. ते म्हणाले, वाटलंच, मीही तिथलाच. मग नाईकाकडं वळून त्यांनी हळू आवाजात सांगितलं की पढवलेले जबाब पुरावा म्हणून धरता येणार नाहीत. दुसरा काही कागद असेल तर द्या. कागद नव्हता. तीस घरांचा डोंगर मी पाच रविवारांत घालवला होता.

तेवढ्यात मागून म्हातारी उठली.

"माझं लिवून घ्या, सायब," ती म्हणाली. "मला ह्या सरानं नापास केलंय."

साहेबांनी पेन उचललं. तिनं तिच्या आईपासून सुरू केलं. मोहाच्या दिवसांत पहाटे निघालेल्या बाया, कुत्रं, टोपली. खडकाआडून अस्वल आलं आणि त्यानं आईला धरलं. आईला तिथंच पुरलं आणि वर दगड रचले. त्या दिवसापासून तो अस्वलखडक. दर वर्षी मोह वेचायला जाताना प्रत्येक बाई तिथं एक दगड ठेवते. खालच्या नाल्यापाशी म्हातारीच्या थोरल्या लेकाचा जन्म झाला, कारण कळा आल्या तेव्हा डोक्यावर बांबू होते. आईची दोन मोहाची झाडं तिच्याकडं आली, आता सुनेकडं जातील. हल्ली मोह आधीसारखा एकदम फुलत नाही, मागंपुढं फुलतो, पण झऱ्याचं पाणी आहे तोवर झाडं जगतील. साहेबांनी एकदाही तिला मुद्द्यावर या म्हटलं नाही. सलग चार पानं लिहिली.

पुढच्या आठवड्यात ते स्वतः डोंगरावर आले. म्हातारी पुढं, साहेब आणि जंगल खात्याची माणसं मागं, आणि सगळ्यात मागं धापा टाकणारं आमचं मंडळ. दगडांची ती रास माझ्या खांद्याएवढी होती. सगळं तिनं सांगितलं तसंच निघालं. दावा मंजूर झाला. मागितलेल्यापेक्षा थोडं कमी जंगल मिळालं, पण झरा आणि मोह गुड्याकडं राहिले.

मंजुरीनंतरच्या रविवारी मंडळानं माझ्या अभिनंदनाचा ठराव आणला. कष्ट घेतले, मार्गदर्शन केलं, वगैरे. आयुष्यात पहिल्यांदा मी सर्वानुमते होणारा निर्णय एकट्यानं हाणून पाडला. चर्चला पत्र लिहायचं कामही मी दुसऱ्या कुणाला तरी दिलं. मला लाज वाटत होती, आणि ती कुणाला सांगावी हे कळत नव्हतं. शेवटी एस.टी.नं काकांकडं गेलो.

काका पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात राहायचे, एकसारख्या घरांच्या ओळीत. मी त्यांना सगळं सांगितलं, काहीही न लपवता. वीसपैकी चार गुणही सांगितले. ते हसले नाहीत. मी म्हणालो, काका, तुम्ही त्या पोरीला म्हणाला होता तेच मला कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं.

"तू माझी गोष्ट लई जागी सांगितलीस म्हणं," काका म्हणाले. "पर अर्धीच. मी तसं बोललो अन् ती पोरगी रडाया लागली. मंग तिनं कागद मिटला, खाली बसली, अन् म्हणली, सांगा काका. तवा मी तुझ्या काकूचं समदं सांगितलं तिला. सांज झाली सांगता सांगता."

मी म्हटलं, आम्हाला तर तुम्ही कधीच काही सांगितलं नाहीत.

"तुमी कुणी इचारलं न्हाई," काका म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले.

त्या दिवशी मी विचारलं. मुक्कामच केला.

पुढच्या रविवारी मी मंडळात गेलो नाही. एकटाच किनवटची गाडी पकडली. म्हातारी अंगणात चारोळ्या फोडत बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. गुण मांडायची वही मी आणली नव्हती. मी खाली बसलो आणि म्हणालो, आजी, पूर्वेची हद्द सांगा.

तिनं आईपासून सुरू केलं. आईला गाता यायचं, हे साहेबांना सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. कुत्र्याचं नाव सांगितलं. ऐकता ऐकता दुपार कलली, आणि मला कुठंही तिला थांबवावंसं वाटलं नाही. याच उत्तराला मी चार गुण दिले होते.