वाढत्या अंगाचं धनुष्य

आमच्या घरात मुलीसाठी कुठलीच वस्तू मापाची येत नसे. युनिफॉर्म घ्यायचा तो चार बोटं लांब, खाली दुमडून टीप मारायची आणि दरवर्षी थोडी थोडी उसवायची. बूट एक नंबर मोठा, पुढे कापूस कोंबून. माझी आई हेच करायची, मीही केलं, आणि भाईंदर पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या आया हेच करत असतील. ‘वाढतं अंग आहे’ म्हटलं की दुकानदारसुद्धा पुढे बोलत नाही.

लेकीला तेराव्या वर्षी तिरंदाजीचं वेड लागलं. उत्तनच्या बाजूला, पाली गावाच्या अलीकडे एका मोकळ्या जागेवर एक सर शिकवायचे. ते तिथलेच, कोळी घरातले. बाजूला बोंबील वाळत घातलेले असायचे. मी कोकणातली असूनही पहिले दोन रविवार ओढणी नाकाशी धरून बसले, लेकीला मात्र वास आलाच नाही. तिला फक्त मोठ्या मुलांच्या समोरचा पिवळा गोल दिसायचा.

सरांची शिकवण्याची पद्धत मला फार संथ वाटायची. पहिला महिना पाच मीटरवर. गोल नाही, नेम नाही, नुसतं गोणीवर बाण सोडायचे. मग दहा, मग अठरा, मग तीस. तीसवर तिचे सहापैकी पाच बाण पिवळ्या-लालात बसायला लागले, तशी माझी चुळबुळ सुरू झाली. पुढच्या वयोगटात साठ मीटरवर मारावं लागतं, हे मी तोवर शोधून काढलं होतं.

“सर, पन्नासवर कधी?” मी विचारलं.

“घाई न्हाय करायची, ताई,” सर म्हणाले. “तिचं धनुष्य हलकं हाय. बावीस पौंडाचं. पन्नासवर बाण गवतात जातील आणि पोर खांदा उचलून मारायला शिकेल. आधी दोन पौंड वाढवू. ते अंगवळणी पडले की आनखी दोन.”

धनुष्य खेचायला जितका जोर लागतो, तो पौंडात मोजतात. मधली मूठ तीच ठेवून वरच्या-खालच्या पात्या बदलल्या की जोर वाढतो. साठ मीटरला चौतीसेक पौंड लागतात, म्हणजे तिथवर सहा वेळा नवीन पात्या! मला ते पटेना. सहा महिन्यांत लहान होणारी वस्तू घ्यायचीच कशाला?

मे महिन्यात सरांच्या घरी लग्नकार्य होतं, मैदान बंद होतं. मी दुकान गाठलं आणि सरळ चौतीस पौंडांच्या पात्या मागितल्या. दुकानदार म्हणाला, “बच्ची अभी कितना खींचती है? हैवी पड़ेगा, मॅडम.” मी म्हटलं, “बढ़ती उमर है, भैया.” त्याने खांदे उडवले. घरी ह्यांनी ‘सरांना एक फोन तरी कर’ असं सुचवलं. मी म्हटलं, सर आल्यावर त्यांनाच दाखवू की पोरीने महिनाभरात काय केलं. मला सरांची जिरवायची होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, मागच्या भिंतीपाशी मी चिंध्यांनी भरलेलं पोतं टेकवून ठेवलं. संध्याकाळी ऑफिसमधून आले की खुर्ची टाकून बसायचे आणि मोजायचे. रोज शंभर वेळा खेचायचं. पहिल्या दिवशी दोरी तिच्या हनुवटीपर्यंत येईना. चौथ्या दिवशी आली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. तिचा हात थरथरत होता, खांदा कानाला लागत होता. मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण जमेल हळूहळू, असं मी धरून चालले होते.

“आई, खांदा दुखतोय गं,” ती एकदा म्हणाली.

“दुखणारच. नवीन बूट चावतात ना, तसंच. अजून वीस राहिलेत.”

तिने ते वीस पूर्ण केले. तिथेच नाही म्हणाली असती, धनुष्य आपटून वर निघून गेली असती, तर किती बरं झालं असतं. पण ती ऐकणारी मुलगी होती. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी दोरी अर्ध्यावर असताना तिच्या हातातून सगळं सुटलं आणि ती खांदा धरून खाली बसली. खांद्याच्या आतला स्नायू फाटला होता. डॉक्टरांनी मला विचारलं, किती दिवस दुखत होतं? मला उत्तर ठाऊक होतं. मी म्हटलं, दोन-तीन दिवस.

आठ महिने व्यायाम आणि शेक झाला. मग सरांनी तिला पुन्हा पाच मीटरवर, सगळ्यात हलकं धनुष्य देऊन उभं केलं. तिच्याहून लहान मुली शेजारी तीसवर मारत होत्या. चौथ्या रविवारी तिने हातातला चामड्याचा पट्टा काढून सरांना दिला आणि म्हणाली, नाही जमणार. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी रडले ते घरी, भाकरी थापताना.

आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर डाव्या हाताने काढते. आमच्यात या विषयावर एक शब्द झालेला नाही. तिने कधी टोमणासुद्धा मारला नाही, आणि तो मारावा म्हणून मी कितीदा वाट पाहिली आहे.

गेल्या महिन्यात स्टेशनजवळ भाजी घेताना सर भेटले. केस पिकलेत. लेकीची चौकशी केली, मग म्हणाले, “गुणी पोर व्हती, ताई. पण हट्टी. मला सांगितलान ना तिनं तवा, आई नको म्हनत व्हती, मीच रडून रडून जड पात्या आनायला लावल्या. तुम्ही तरी काय करनार!”

माझ्या हातात मेथीची जुडी होती. मी मान हलवली. ‘हो ना’ असंही म्हणाले बहुतेक. सर रिक्षात बसून गेले, तरी मी तिथेच उभी होते. तेरा वर्षांची पोर, हात गळ्यातल्या झोळीत अडकवलेला, आणि सरांसमोर मला खाली बघावं लागू नये म्हणून तिने हे रचलं. मला तर खरं सांगणंही जमलं नाही, मी या वयात भर बाजारात तिच्या खोट्यामागे लपले.

घरी आल्यावर तिला विचारायचं ठरवलं होतं. ती पुस्तक घेऊन बसली होती. मी मेथी निवडायला घेतली आणि बोलले नाही. म्हणून निदान इथे लिहितेय. पात्या मी आणल्या. तिने मागितल्या नव्हत्या.