हन्नाचं पुढचं पुस्तक

आम्हाला पोहोचवायला त्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर गुरुवारच्या सगळ्या बायका आल्या होत्या. गुरुवारच्या बायका म्हणजे सदरमधल्या आमच्या चर्चचं महिला मंडळ. दर गुरुवारी दुपारी त्या कुणा एकीच्या घरी प्रार्थनेला बसायच्या, आणि माझी आई त्यांतली एक. माझा नवरा सुनीत सामानाच्या ट्रॉल्या सांभाळत बाजूला उभा होता. कॅनडातल्या एका लहान गावच्या हॉस्पिटलात, एक्स-रे विभागात, त्याला नोकरी मिळाली होती. पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या पाद्रींच्या पत्नीनं, आमच्या प्रवासासाठी प्रार्थना केली. सगळ्यांचे डोळे ओले झाले. आणि ‘आमेन’ म्हणून होतं न होतं तोच सगुणामावशी म्हणाली, “ते सगळं ठीक आहे, पण त्या हन्नाचं काय झालं ते तरी सांगून जा वं. तिची बेकरी राहिली का गेली?”

मी सांगायला तोंड उघडलं, तर आईनं सरळ माझ्या तोंडावर हात ठेवला.

“इथं नको सांगू. तिथून फोनवर सांगजो.”

“म्हणजे तोवर आम्ही काय लटकून राहावं?”

“लटका,” आई म्हणाली.

सगळ्या हसल्या. दारावरचा शिपाईही हसला. आत गेल्यावर काचेतून मागे पाहिलं, तर आई दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती, एखादं काम नीट मार्गी लावल्यासारखी. तिनं तो शेवट का अडवून ठेवला, हे मला विमान उडाल्यावर कळलं. शेवट राहिला होता म्हणून मला फोन करावाच लागणार होता.

हन्ना ही एका कादंबरीतली मुलगी. आमच्या चर्चच्या वाचनालयात परदेशातल्या कुठल्याशा मंडळीनं पुस्तकांची खोकी पाठवली होती. त्यांत धर्मशास्त्राची जाड पुस्तकं होती, त्यांना कुणी हात लावला नाही, आणि बाकी सगळ्या या कादंबऱ्या. मुखपृष्ठावर पांढरं कुंपण, लाल पानांची झाडं आणि मागे चर्चचा टोकदार कळस. गोष्ट जवळजवळ तीच. मुलगी शहरात काहीतरी गमावून आपल्या लहान गावी परत येते. वारलेल्या आत्याची बेकरी किंवा जुनं घर तिच्या गळ्यात पडतं. गावात एक सुतार असतो, विधुर, त्याला एक लहान मुलगी. दोघांचाही देवावरचा विश्वास थोडा हललेला. शेवटाच्या अलीकडे एक गैरसमज, मग चर्चमधलं जेवण, मग लग्नाची मागणी. चुंबन अगदी शेवटच्या पानावर, तेही एकच.

मी इंग्रजीची एम.ए. होते, ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते. ही पुस्तकं पिशवीत मुखपृष्ठ आतल्या बाजूला करून न्यायची. स्टाफरूममध्ये कुणी पाहिलंच तर ‘आईसाठी’ म्हणायची, आणि ते खरंही होतं. आईला इंग्रजी येत नव्हतं. उन्हाळ्यात कूलरसमोर बसून ती तांदूळ निवडायची आणि मी तिला पुस्तक मराठीत सांगायची. तिनं ते गुरुवारी सांगितलं, आणि मग गुरुवारच्या बायकांनाही हवं झालं. त्या गावातलं गोठलेलं तळं मी ‘आपला फुटाळा तलाव कडक झाला तर’ असं सांगितलं. ‘अ‍ॅपल पाय’ची सफरचंदाची पुरणपोळी झाली. हॅनाला सगळ्या पहिल्याच दिवसापासून हन्ना म्हणू लागल्या, कारण शास्त्रात, म्हणजे बायबलात, हन्ना आहे.

“लग्नाआधी हात धरला काय त्यानं?” एकदा सगुणामावशीनं विचारलं. ती मिशन हॉस्पिटलातली निवृत्त सिस्टर, तिला सगळं जिथल्या तिथं लागायचं.

“धरला.”

“धरला तर धरला. पाळकसाहेबाले नका सांगू.”

या पुस्तकांबद्दल मला आता लाज वाटत नाही. त्यांत फारसं कुणी वाईट नसतं, फार तर घाईत असतं. कुणी दुःखात असलं की शेजारी भांडं झाकून काहीतरी घेऊन येतात. तेव्हा मला तो लेखिकांचा भाबडेपणा वाटायचा.

हन्नाची बेकरी बँक घेऊन जाणार, इथवर गोष्ट आली होती, तेव्हाची गोष्ट. प्रार्थनेच्या विनंत्या सांगायची वेळ झाली. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची बदली. मग आई म्हणाली, “आणि हन्नासाठी.”

पाळकीणबाई गडबडल्या. “अहो, ती पुस्तकातली आहे. तिच्यासाठी कशी प्रार्थना करणार?”

“तिच्यासारखी कुठंतरी असनच ना,” आई म्हणाली. “तिले लागन.”

त्या दिवशी हन्नासाठी प्रार्थना झाली, आणि पुढेही दर गुरुवारी होत राहिली. बेकरी वाचल्याचं मी कॅनडातून पहिल्याच फोनवर सांगितलं, तेव्हा आईच्या फोनच्या स्पीकरवरून टाळ्यांचा आवाज आला.

आम्ही राहायला गेलो ते गाव वरवर अगदी त्या मुखपृष्ठासारखं होतं. कळस होता, तळंही होतं. बेकरी नव्हती. पेट्रोल पंपावर डोनट मिळायचे. तरणेताठे सुतार नव्हते, होती ती निवृत्त शेतकऱ्यांची जोडपी, आणि रविवारी चर्चचे अर्धे बाक रिकामे. मला गावच्या लायब्ररीत काम मिळालं. तिथं या कादंबऱ्यांचं अख्खं शेल्फ होतं, लार्ज प्रिंटमधलं. डोरोथी नावाची आमची शेजारीण ती पुस्तकं पिशवी भरून न्यायची. मुखपृष्ठ लपवायची नाही.

सुनीत तिथं लवकर रुळला. बर्फ बाजूला करणारा स्नो-ब्लोअर चालवायला शिकला, डोरोथीचा रस्ताही साफ करून द्यायचा. त्याला नागपूरपासूनची एक सवय होती. शिंकला की ‘सॉरी’ म्हणायचा, खोलीत कुणी नसलं तरी. डोरोथीला ते फार आवडायचं. मला बारा महिने नागपूरची आठवण यायची, आणि गुरुवारी सकाळी, तिकडे दुपार असताना, मी आईला नवं पुस्तक सांगायची. असं बरीच वर्षं चाललं.

मग आईचं हृदयाचं ऑपरेशन झालं. विजूदादानं, माझ्या मोठ्या भावानं, तिला सदरच्या घरातून आपल्या मनीषनगरच्या फ्लॅटवर नेलं. गुरुवारच्या बायका आता ऑटो करून तिकडे जाऊ लागल्या. त्याच सुमारास सुनीतच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. दादा म्हणाला, “निमा, आईले आत्ता काही सांगू नको. डॉक्टरनं ताण नको म्हटलं आहे.” मी कबूल केलं. पण गुरुवार आला, फोन लागला, आणि आईनं नेहमीप्रमाणे विचारलं, “कोणतं पुस्तक वाचून राहिली?”

त्या दिवसांत मी काहीच वाचत नव्हते. मी म्हणाले, “हन्नाचं पुढचं पुस्तक आलं आहे.” अशा पुस्तकांच्या मालिका असतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही.

“मग? काय करते आता ती?”

“तिचा नवरा आजारी आहे,” मी म्हणाले.

तिथून ते पुस्तक सुरू झालं. गाव तेच, सुतार तोच, दानीएल. मी त्याच्या तपासण्या सांगितल्या. औषधांमुळे त्याच्या तोंडाची चव गेली, ते सांगितलं. हन्ना दवाखान्याच्या खुर्चीत बसून उगाच तीच ती पानं वाचते, ते सांगितलं. “पुस्तकवालीनं तपासण्या बरोब्बर लिहिल्या वं,” सगुणामावशी एकदा म्हणाली. आई मात्र वेगळंच विचारायची. हन्नाजवळ रात्री कोण असतं? तिला दोन घास जातात का? एकदा म्हणाली, “तिले सांग, तांदळाची पेज पातळ करून, मीठ टाकून दे त्याले. ते जाईन.”

“आई, पुस्तक छापून झालं आहे.”

“तरी सांग.”

मी पेज केली. सुनीतनं ती वाटीभर घेतली, किती दिवसांनी. पुढच्या गुरुवारी मी आईला म्हणाले, “हन्नानं पेज केली. दानीएलला गेली.” तिकडे कुणीतरी ‘देवाला स्तोत्र’ म्हणालं. त्याच दिवशी बोलता बोलता मी हेही सांगून गेले की दानीएल इतका थकला आहे, तरी शिंकला की अजून ‘सॉरी’ म्हणतो. मला वाटलं, लाईन गेली. मग आई म्हणाली, “बरं. पुढं सांग.”

सुनीत गेला तेव्हा लाल पानं गळून झाली होती. पुढचे काही दिवस दाराची घंटा वाजत राहिली. डोरोथी आली, मागून तिच्या ओळखीच्या आल्या, मग हॉस्पिटलातले लोक. प्रत्येकाच्या हातात झाकलेलं भांडं. मॅकरोनी, बटाटे, चिकन, काचेच्या जड भांड्यांत, ज्यांना तिथं कॅसरोल म्हणतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर घरचं आडनाव. पुस्तकात होतं तसंच सगळं झालं, फक्त मला भूक नव्हती.

गुरुवार आला. दादाशी बोलणं झालं होतं. आईची तब्येत अजून नाजूक, आणखी थोडे दिवस थांबू, असं ठरलं होतं. मी ठरवलं, दानीएल बरा झाला म्हणून सांगायचं. त्या पुस्तकांत नवरे बरेच होतात, कुणाला शंका येणार नाही. पुस्तक संपवून टाकायचं आणि पुन्हा त्या गावात जायचं नाही.

“आई,” मी म्हणाले, “ते पुस्तक संपलं.”

“थांब,” आई म्हणाली. “शेवट फोनवर नको सांगू. इथं येऊन सांग.”

मला वाटलं, विमानतळावरचीच तिची खोड. मी म्हणाले, “अगं, चांगला शेवट आहे.”

“निमे,” आई अगदी हळू म्हणाली, “शिंकल्यावर सॉरी म्हणणारा सुतार कोणत्या पुस्तकात असते वं?”

माझ्या तोंडून जे निघालं तो शब्द नव्हता. मागून सगुणामावशीचा आवाज आला, “स्पीकर बंद करा वं, पोरीले रडू द्या.” पण कुणी बंद केला नाही. त्या सगळ्या तिथं आणि मी इथं, आम्ही तशाच रडलो.

मग मी विचारलं, “तुला तेव्हापासून माहीत होतं?”

“तवापासूनच.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुले पुस्तकातून सांगणं जमून राहिलं होतं. मी काहून मोडू?” मग म्हणाली, “अन् माझ्या छातीचं भेव तुले विजूनं घातलं. छाती मजबूत आहे माझी. नाहीतर इतके गुरुवार टिकली असती काय?”

मी नागपूरला गेले. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये, आईच्या पलंगाभोवती खुर्च्या लावून गुरुवारच्या बायका बसल्या आणि मी शेवट सांगितला. या वेळी नावं बदलली नाहीत. सुनीतच्या शेवटच्या सकाळचं जे दादालाही सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. मग पाळकीणबाई म्हणाल्या, आज प्रार्थना मी करते. “हन्नासाठी,” अशी त्यांनी सुरुवात केली, थांबल्या, “निमासाठी” म्हणाल्या, आणि पुन्हा थांबून म्हणाल्या, “प्रभू, दोघींसाठी.”

सगळ्यांना वाटत होतं की मी आता राहीनच. दादानं एक खोली रिकामी केली होती. आईनं माझे कपडे बॅगेतून काढून कपाटात लावले होते. शेवटी सगुणामावशीनंच तोंडावर विचारलं, “तुझ्या सगळ्या पुस्तकांत पोरी आपल्या गावी परत येतात. तूच काहून जाऊन राहिली?”

सुनीतची कबर तिथं आहे, हे मला म्हणायचं होतं. म्हणवलं नाही. मी म्हणाले, “लोकांची भांडी राहिली आहेत माझ्याकडे. इतक्या जणांनी जेवण आणलं होतं. सगळी घासून ओट्यावर ठेवली आहेत. परत करायची आहेत.”

“रिकामी?” आईनं विचारलं.

“म्हणूनच राहिली ना. रिकामं भांडं कसं परत करू?”

खोलीतल्या एकाही बाईला यापुढे समजावून सांगावं लागलं नाही. लगेच कशात काय भरायचं यावर वाद सुरू झाला. गोऱ्या लोकांना तिखट चालणार नाही, शंकरपाळे बरे. करंज्या प्रवासात मोडतील, तिथंच कर. आईनं कपाटातले माझे कपडे काढले, एकेक घडी पुन्हा घातली आणि बॅगेत ठेवले. तिच्या हातांकडे मला पाहवेना. म्हणाली, “पुस्तकं लग्नाशी संपतात, नाहीतर मरणाशी. नंतर ती पोरगी काय करते, ते कोणी लिहीत नाही. ते सांगत जाजो.”

तिथं पोहोचून मी भांडी भरली आणि दारोदार गेले. डोरोथीनं शंकरपाळा चहात बुडवून खाल्ला आणि मला पोर्चवर बसवून घेतलं. एवढंच. कुणी नवा सुतार आला नाही, येणारही नाही. रविवारी चर्च सुटलं की मी सुनीतच्या कबरीवरची पानं बाजूला करते.

नागपूरहून निघून जगभर पांगलेल्या आमच्या माणसांना घराबद्दल विचारलं की ती गल्ली सांगतात, झाड सांगतात. आमचं सदरचं घर आता दुसऱ्या कुणाचं आहे. मला घर म्हणून फोनवरचा एक प्रश्न सांगता येतो. स्वतःबद्दल बोलणं मला अजून जमत नाही, आणि आईला ते ठाऊक आहे, म्हणून दर गुरुवारी ती माझं नाव घेत नाही. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज येतात, कुणीतरी खोकतं, मग आई विचारते,

“हन्ना जेवली काय वं?”

“जेवली,” मी सांगते. काही गुरुवारी ते खरं नसतं. मग मी फोन तसाच चालू ठेवून पेज टाकते, आणि ती शिजेपर्यंत त्या सगळ्या थांबतात.