ओळख पटवणाऱ्या ऑफिसातला सत्कार

मंगळवार, सकाळचे साडेदहा. ठिकाण टेक्सासमधलं अर्विंग, एका बैठ्या शॉपिंग सेंटरमधलं माझ्या मुलीचं अकाउंटिंगचं ऑफिस. डावीकडे इंडियन ग्रोसरी, उजवीकडे भरतनाट्यमचा क्लास. ऑफिसात हजर दोघं: मी आणि प्रज्ञा गजभिये.

बातमी अशीच सुरू करायची असते. आधी वेळ, मग स्थळ, मग कोण गाढव ठरलं ते. उभी हयात सोलापुरात वार्ताहर म्हणून मी हेच केलं, त्यामुळे गाढवाचं नावही लपवून ठेवत नाही. मीच तो. किती मोठं गाढव, एवढंच काय ते तुमचा चहा संपेपर्यंत कळेल.

आधी प्रकरण समजून घ्या. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेल्या बायकोला टॅक्सच्या कागदांवर नाव लावायला एक नंबर लागतो. तो हवा असेल तर साधारण रस्ता असा, की स्वतःचा खरा पासपोर्ट पाकिटात घालायचा, टॅक्स खात्याला पोस्टाने पाठवायचा आणि रोज टपालपेटी उघडून बघायची. खरा पासपोर्ट! पोस्टाने! मी यावर इथल्या मराठी मंडळाच्या मासिकात खणखणीत अग्रलेख लिहिला होता. संपादकांनी तो उपवासाच्या पाककृतींच्या खाली छापला, पण लिहिला होता.

दुसराही एक रस्ता आहे. खात्याने नेमलेला अधिकृत एजंट असेल, तर तो माणसाला समोर बसवून पासपोर्ट तपासतो, हा माणूस तोच आहे याची खात्री करतो, सही करतो. पासपोर्ट तिथल्या तिथे मालकाच्या पर्समध्ये परत. माझ्या मुलीला, सायलीला, असा एजंट व्हायचं होतं. अर्ज झाला, बोटांचे ठसे झाले, खोटी कागदपत्रं कशी ओळखायची याचा ऑनलाइन कोर्सही झाला. तो कोर्स मी तिच्यापेक्षा जास्त मन लावून ऐकला, कारण ती लॅपटॉप डायनिंग टेबलवर ठेवायची आणि माझा चहा तिथेच असायचा.

आता फक्त खात्याकडून कुणीतरी ऑफिस बघून जायचं बाकी होतं. कधी येणार, ते सांगत नाहीत.

आणि या सगळ्यात जीव टांगणीला लागला होता तो प्रज्ञाचा. ती मूळ नागपूरची, नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेली. तिच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलेलं, तिकीट काढलेलं. दर दोन दिवसांनी येऊन विचारायची, "ताई, झालं का तुमचं? पासपोर्ट पोस्टात अडकून राहिला तर मी भावाचं लग्न काय व्हिडिओ कॉलवर पाहू?"

त्या मंगळवारीही ती तेच विचारायला आली होती. तेवढ्यात नातीच्या शाळेतून फोन आला, तिला ताप आहे, घेऊन जा. सायलीने गाडीची किल्ली उचलली.

"बाबा, कुणी आलं तर बसवा, पाणी द्या आणि मला फोन करा. ओळखपत्र बघितल्याशिवाय मागच्या खोलीत कुणालाही सोडायचं नाही. आणि बाबा, बाकी काही करू नका."

"मला शिकवतेस? माणूस दारातून आत आला की मी..."

"माहीत आहे. बाकी काही करू नका."

ती गेली आणि पाचच मिनिटांत साहेब आले.

साहेबच. त्यात विचारण्यासारखं होतं काय? वय पन्नाशीचं. पोट पुढे, खिशाला दोन पेनं, हातात जाड बॅग. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, त्यातलं कार्ड मात्र उलटं फिरलेलं. ते सुलटं करा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. आत येऊन ते कुणाशी काही बोलले नाहीत. छताकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, प्लगकडे बघितलं. न बोलता सगळीकडे बघणारा माणूस म्हणजे अधिकारी, हे मी जिल्हा परिषदेच्या पायरीवर बसून शिकलेलो आहे.

"मागे आहे ना?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मागेच आहे, सर. सगळं मागे, कुलपात."

"काय त्रास आहे?"

"त्रास काहीच नाही, सर. मुलगी अतिशय प्रामाणिक आहे."

साहेबांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि मान हलवली. मी चहा पुढे केला. ते नको म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, ते पुन्हा नको म्हणाले. पहिल्या दोन 'नको'ला आपल्याकडे काही किंमत असते का, तुम्हीच सांगा. तिसऱ्यांदा मी कप थेट हातात दिला. सोबत चिवडाही.

आता तुमच्यातला एखादा कुजकटपणे म्हणेल, सरकारी कचेऱ्यांतल्या सरबराईवर मालिका लिहिणारे तुम्हीच ना? होय, मीच. आणि ती मालिका अजूनही बरोबरच आहे. पण हा पाहुणचार होता. त्यात फरक आहे. काय फरक आहे ते मी त्या वेळी स्वतःला अतिशय सविस्तर समजावून सांगितलं होतं, आता नीट आठवत नाही.

चहाच्या पुढची पायरी सत्काराची. दिवाळीत मंडळाने ज्येष्ठ पत्रकार म्हणून मला शाल घातली होती, ती ऑफिसच्या खुर्चीवर एसीचा वारा लागू नये म्हणून ठेवलेली होती. शाली फिरत्याच असतात, त्यात काही कमीपणा नाही. नारळ शेजारच्या ग्रोसरीतून प्रज्ञाला आणायला लावला.

ती नारळ घेऊन आली आणि माझ्या कानाशी लागली. "काका, मला हे साहेब नाही वाटून राहिले."

"का?"

"त्यांच्या बॅगमध्ये स्क्रूड्रायव्हर दिसला."

"अगं, कडक तपासणी म्हणजे कपाटाच्या मागचंसुद्धा बघतात. तू फोटो काढ."

मी छोटंसं भाषण केलं. दोन संस्कृती, परस्पर विश्वास, वगैरे. साहेब नारळ छातीशी धरून, खांद्यावर शाल घेऊन ताठ उभे. अमेरिकन माणसाचं हे मला आवडतं. समारंभ कशाचा ते कळलं नाही तरी उभा नीट राहतो.

"इथे रोज असं करता?" त्यांनी विचारलं.

"फक्त योग्य माणसासाठी, सर."

त्यांचा चेहरा उजळला. मी स्वतः मागच्या खोलीचं दार उघडून दिलं. फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली ओळ लिहिली: 'टॅक्स खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा हृद्य सत्कार.' सायलीला फोन लावला. ती ड्राइव्ह करत होती, उचलला नाही. म्हणजे तिने सांगितलेलं मी सगळं केलं होतं, बघा.

मग दुसरी व्यक्ती आली.

तिशीची बाई. पायात पळायचे बूट, पाठीवर सॅक, हातात स्वतःची पाण्याची बाटली. हसून म्हणाली, "मी लोपेझ. टॅक्स खात्यातून आलेय."

टॅक्स खात्यातून! तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो, माझ्या मोबाइलवर रोज कुणीतरी टॅक्स खात्यातून बोलत असतं. अटक वॉरंट निघालंय म्हणतात आणि गिफ्ट कार्डांचे नंबर मागतात. त्यांच्याशी मी तासतास भांडतो, तेच कंटाळून ठेवतात. पण आजवर त्यांच्यातलं कुणी चालत दारात आलं नव्हतं.

"खात्याचे साहेब आत बसलेत," मी म्हटलं.

"कोणते साहेब?"

"ते तुम्हाला कशाला सांगू? ओळखपत्र?"

तिने दिलं. मी ते पालथं केलं, वाकवून बघितलं, कडेवरून नख फिरवलं. मग पासपोर्ट तपासायला सायलीने आणलेला जांभळ्या प्रकाशाचा दिवा काढला आणि त्याखाली धरलं. काहीतरी चमकलं. चमकायला हवं होतं की नको, ते मात्र त्या कोर्समध्ये माझ्या चहाच्या दुसऱ्या कपाच्या वेळी होऊन गेलं होतं.

"यात केस मोकळे आहेत," मी म्हटलं.

"फोटो जुना आहे."

"कान दाखवा."

"काय?"

"कान. केस बदलतात, वजन बदलतं, कान बदलत नाहीत."

बाईने निमूट केस मागे घेतले. मी फोटो बघितला, कान बघितला, परत फोटो बघितला. कान तोच होता. पण फोटोतला कान चोरता येत नाही कशावरून? कोर्समध्ये आणखी एक सांगितलं होतं. कार्डावर छापलेल्या नंबरवर फोन करायचा नाही, आपण स्वतः शोधलेल्या नंबरवर करायचा. मी खात्याचा मुख्य नंबर शोधला, फोन स्पीकरवर टाकला आणि तिला म्हटलं, "बसा. उत्तर आल्याशिवाय जायचं नाही."

फोनवर संगीत सुरू झालं. मागच्या खोलीतून खडखड आवाज येत होता. साहेब फायली बघत असणार.

लोपेझबाईने सॅकमधून वही काढली आणि लिहायला लागली. मला धमकावते? मीही वही काढली. ती माझ्याकडे बघून लिहायची, मी तिच्याकडे बघून लिहायचो.

प्रज्ञा पर्स पोटाशी घट्ट धरून बसली होती. "काका," ती हळूच म्हणाली, "ह्या बाई खऱ्या वाटून राहिल्या."

"तुला साहेब खोटे वाटतात आणि ही खरी वाटते. लग्नाच्या गडबडीत तुझं डोकं जागेवर नाही."

तेवढ्यात दार आपटून सायली आत आली. तिच्या मागोमाग तापाने लाल झालेली नात.

"बाबा, शाल कुणाला घातली तुम्ही? ग्रुपवर सगळे माझं अभिनंदन करतायत."

"साहेबांना. आत आहेत. आणि ही बघ, एक तोतया पकडून ठेवलीय."

सायलीने वळून बघितलं आणि तिचा रंग उतरला. "मिस लोपेझ?" अर्जाच्या वेळी व्हिडिओवर ती हिच्याशीच बोलली होती.

आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, फोनमधलं संगीत थांबलं. मी दाबलेल्या बटणांवरून फिरत फिरत फोन एकदाचा योग्य माणसापर्यंत पोचला होता. मी नाव आणि कार्डावरचा क्रमांक सांगितला. पलीकडचा माणूस स्वच्छ म्हणाला, "हो, त्या आमच्याच आहेत. आत्ता तुमच्याच ऑफिसात असायला हव्यात."

नात म्हणाली, "आजोबा, आर यू इन ट्रबल?"

लोपेझबाईने वही मिटली. मी मनात प्रज्ञाच्या भावाचं लग्न व्हिडिओ कॉलवर लागताना बघत होतो.

"मी बरीच ऑफिसं बघितली," ती म्हणाली. "कुणी माझं कार्ड दिव्याखाली धरलं नाही. मुख्य नंबरवर फोन कुणी केला नाही. आणि कान तर आजवर कुणी मागितलाच नाही." मग ती हसायला लागली, तिला पाणी प्यावं लागलं, तिच्याच बाटलीतलं. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

सायली मटकन खुर्चीत बसली. प्रज्ञाने माझा हात धरून दाबला. मी छाती जरा पुढे काढली. म्हणजे चुकलो, पण योग्य दिशेने चुकलो, असं म्हणायला जागा होती.

"फक्त एक," लोपेझबाई म्हणाली. "आत कोणते साहेब आहेत?"

आम्ही सगळे मागच्या खोलीत गेलो. कपाटाचं कुलूप शाबूत. फायली जागच्या जागी. मागचं दार किलकिलं. चहाचा कप स्वच्छ धुऊन पालथा घातलेला. आणि दिवाळीपासून कागद गिळून बसलेला आमचा कॉपिअर शांतपणे गुणगुणत होता. त्याच्या तोंडातून एक स्वच्छ, कोरा कागद बाहेर आलेला.

"कॉपिअरवाला होता, बाबा," सायली म्हणाली. "तुम्ही कॉपिअरवाल्याला शाल घातली."

सायलीला मान्यता मिळाली. पहिलाच पासपोर्ट प्रज्ञाचा. सायलीने तो तपासला, कान बघितले, सही केली आणि पासपोर्ट पर्समध्ये परत गेला. प्रज्ञा नागपूरला जाऊन भावाच्या लग्नात नाचली, त्याचा व्हिडिओ मला पाठवला, खाली लिहिलं, 'काका, कान नीट बघून घ्या, मीच आहे.' मलाही ऑफिसात एक बिल्ला मिळाला, सायलीने खास बनवून घेतलेला: 'पाहुणा. एकटं सोडू नये.' तो सुलटाच घालायचा, अशी अट आहे.

मासिकाचा अंक मात्र तोवर छापून झाला होता. पहिल्या पानावर शाल, नारळ आणि 'वरिष्ठ अधिकारी', आमच्या खास प्रतिनिधीकडून. खास प्रतिनिधी कोण, ते मी इथे लिहीत नाही.

राहिली एक गोष्ट. शाल राहू दे, निदान आभार तरी मानावेत म्हणून सायलीने कॉपिअरच्या कंपनीला फोन केला. ते म्हणाले, माफ करा, तुमच्याकडे आमचा माणूस अजून आलेलाच नाही, पुढच्या आठवड्यात पाठवतो. बिल्डिंगच्या मॅनेजरला फोटो दाखवला, तो म्हणाला, हा आमचा नव्हे. मान्यतेसोबत आलेल्या लोपेझबाईच्या पत्रातही शेवटी एकच खुलासा मागितलाय: फोटोतले शालवाले गृहस्थ कोण?

सायलीने अजून उत्तर पाठवलेलं नाही. कॉपिअर छान चालतोय.