मास्तरांचा आवाज, मेहुणीचा घसा

मास्तर बोलायला लागले की आधी घसा बोलायचा. "ख्खं." मग नाक सूं करायचं. मग मास्तर. "तर हे पान उघडलं. कायऽ? कळलं तर हो म्हणा, नाही कळलं तरी हो म्हणा."

औषधांच्या दुकानांना हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत ते शिकवणीचे व्हिडिओ करायचे. पडद्यावर कुठे काय दाबायचं ते करून दाखवायचं, त्याचं रेकॉर्डिंग व्हायचं, आणि सोबत मास्तर जे बोलतील तेही त्यात जायचं. जे बोलतील ते, म्हणजे सगळंच. खुर्चीची करकर, दाराकडे बघून "बंद कर ते", आणि अडलेल्या माउसला "सरक की गाढवा". एका दुकानदाराने फोन करून विचारलं होतं, गाढवाचं बटण नेमकं कुठे आहे.

तक्रारी साचल्या तसं मालकांनी मास्तरांना बोलावलं. "इथून पुढे चित्र तुमचं, आवाज वेगळा. तुम्ही गुपचूप माउस चालवायचा. बोलणं नंतर वरून चढवायचं."

"चढवणार कोण?"

"फोनवरच्या बाई. गोड बोलतात."

मास्तरांच्या तोंडाची चवच गेली. फोनवर गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकणारी ती बाई म्हणजे त्यांची सख्खी मेहुणी. सासऱ्यांच्या निवृत्तीच्या जेवणात तिने सगळ्या गोतावळ्यासमोर मास्तरांची नक्कल केली होती. घसा, नाक, कायऽ, काहीही सोडलं नव्हतं. सासरे हसून हसून डोळे पुसत होते, ते एक वेळ चाललं असतं. पण शेजारी बसलेली स्वतःची बायको पोट धरून हसत होती. तेव्हापासून मास्तर आणि मेहुणीचा अबोला. ऑफिसात समोरासमोर आले तरी मास्तर भिंतीकडे बघून जायचे आणि मेहुणी भिंतीला विचारायची, "भिंतबाई, बरं आहे ना?"

घरी त्यांनी बायकोला सुनावलं, "तुझ्या बहिणीने शेवटी माझी जीभ पळवली."

"पळवली म्हणजे तिला ओझंच झालं असणार," बायको म्हणाली. "आणि तिला काही बोलायचं असेल तर तिलाच बोला. मी तुमची टपालपेटी नाही."

मास्तरांना झोंबलं ते वेगळंच होतं. आवाज गेला तर उरणार काय? हात. माउस हलवणारा हात कोणालाही असतो. उद्या मालक म्हणतील, मास्तर, आता तुमचं काय काम?

म्हणून त्यांनी डाव टाकला. नव्या मालाची नोंद कशी करायची, हा धडा त्यांनी असा रेकॉर्ड केला की पडद्यावरचा बाण क्षणभर टेकेना. इथे गरगर, तिथे टकटक, पान उघड, मिट, पुन्हा उघड. वाक्य घुसवायला फटच नाही. घाल म्हणावं आता त्यात तुझं लोण्यासारखं बोलणं.

मेहुणी दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलापाशी आली. या वेळी भिंतीशी बोलली नाही. "भावोजी, जरा थांबत थांबत करून द्या. माझं वाक्य संपायच्या आत तुम्ही तीन पानं पुढे असता."

"मी नुसता हात आहे," मास्तर खिडकीकडे बघत म्हणाले. "हाताला कान नसतात."

"बरं," मेहुणी म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि मास्तरांना उगीचच घाम फुटला.

तो मुका व्हिडिओ ती घरी घेऊन गेली. कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून वर रजई ओढून, तिने बोलणं रेकॉर्ड केलं आणि चित्रावर बसवलं. मालकांनी दोघांना खोलीत बोलावून ते लावलं.

"ख्खं. तर हे पान उघडलं. कायऽ?"

बाण गरगरला. बरोब्बर 'कायऽ' वर.

"आता इकडे बघा, इकडे." टकटक. "नाही, तिकडे गेलात तुम्ही. या परत." पान मिटलं, उघडलं. प्रत्येक शब्द प्रत्येक हालचालीवर बूट पायात बसावा तसा बसला होता. मास्तर स्वतःचाच आवाज ऐकत होते आणि त्यातला एक शब्दही त्यांनी उच्चारला नव्हता.

मालक खूश. "मास्तर, म्हणजे शेवटी तुम्हीच बोललात. आणि गाढव गाळलंत, हे फार छान. असंच पाहिजे होतं."

मेहुणी नखं बघत बसली होती. मास्तर पेचात पडले. खरं सांगावं, तर पुन्हा त्या जेवणातल्यासारखं हसू. गप्प बसावं, तर आवाज आपलाच राहतोय. मास्तर म्हणाले, "हो. मीच."

"भावोजींचाच आवाज," मेहुणीने मान डोलावली. "मग बाकीचे धडेही त्यांनाच द्या. मी आपली फोनवर बरी."

मास्तरांना जिंकल्यासारखं वाटलं, पण ते माइकसमोर बसेपर्यंतच. समोर माइक, शेजारी कागद, माउस नाही. हात मांडीवर. चित्र आपलं आपण पुढे चाललेलं. गेली कित्येक वर्षं मास्तर बोलत होते ते हाताने. हात रिकामा झाला आणि जीभ लाकडाची झाली. "पुढील... पानावर... जावे." घसासुद्धा खाकरायला विसरला.

मालकांनी ते ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा कोण बोलतोय?"

"मी."

"काहीतरीच. मी तुम्हाला ओळखत नाही का? यात मास्तर कुठे आहेत? पहिल्या धड्यात बोललेला माणूस मला संध्याकाळपर्यंत हवाय. नाहीतर सगळं बाहेर देऊन टाकतो, चित्रासकट."

चित्रासकट, हे मास्तरांनी नीट ऐकलं.

ते फोनच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. मेहुणी एका दुकानदाराला लोण्यासारखं समजावत होती. तिने फोन ठेवला आणि मान वर केली नाही.

"ते..." मास्तर म्हणाले. "बाण गरगरतो तेव्हा मी काय म्हणतो, ते तुला कसं कळलं?"

"तुमचा बाणच बडबडतो, भावोजी. मी नुसतं ऐकलं."

"बाकीचे धडे करशील?"

"करीन. पण आधी मालकांसमोर सांगायचं, आवाज कोणाचा आहे ते. आणि प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी नाव माझं. हे ताईलाही सांगायचं, माझ्यासमोर."

"हे जरा फारच होतंय."

मेहुणीने खुर्ची मागे सरकवली. नाक सूं केलं. "ख्खं," ती म्हणाली, हुबेहूब. "कळलं तर हो म्हणा, नाही कळलं तरी हो म्हणा. कायऽ?"

पलीकडच्या टेबलांवरची टकटक थांबली होती. मास्तरांनी भिंतीकडे बघितलं. भिंत काही बोलली नाही.

"हो," मास्तर म्हणाले.