शेवटचा भाग आधी

काकू कुठलीही मालिका शेवटच्या भागापासून सुरू करायच्या. चटई टाकली, चष्मा पदराला पुसला, की पहिला हुकूम सुटायचा, "शेवटचा लाव वं." त्या शेवटच्या भागात ती दोघं मेल्यावर, पुढच्या जन्मी, ढगात, कुठेही का होईना, एकमेकांना भेटताना दिसली की काकूंचा चेहरा सैल व्हायचा. मग आम्ही पहिला भाग लावायचो आणि तिथून पुढे महिनाभर त्या निश्चिंत मनाने रडायच्या. नाही भेटली, तर मालिका बाद. साऱ्या जगाने डोक्यावर घेतलेली असली तरी बाद. "ज्याच्या शेवटी भेटच नाही, त्याच्यात काय पाहाचं?" म्हणायच्या आणि रिमोट माझ्या हातात द्यायच्या.

अमरावतीहून बदली होऊन मी नागपूरला आले आणि सक्करदऱ्याला काकूंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. कॉलनीत त्यांना 'कोरियावाल्या काकू' म्हणत. सत्तरीला टेकलेल्या बाईचं हे नाव ऐकून मला वाटलं, मुलगा-बिलगा तिकडे नोकरीला असेल. तसं काही नव्हतं. एकुलती लेक सुजाता हैदराबादला होती. काकूंना वेड होतं ते कोरियातल्या, चीनमधल्या मालिकांचं, आणि त्यातही एकाच जातीच्या. कोणीतरी मरायला हवं, मागे राहिलेल्याने झुरायला हवं आणि मरणापलीकडच्या मुलखात काहीतरी हालचाल व्हायला हवी. काळा कोट घालून न्यायला येणारे यमदूत, माणसावर जीव लावून बसलेल्या कोल्हिणी, मेलेल्यांना नदीपार नेण्याआधी सारं विसरायला लावणारा वाडगाभर काढा, हे सगळं त्यांना आपल्या मोहल्ल्यातल्या भानगडींइतकं पाठ होतं.

हिंदीत बोलणाऱ्या मालिका त्यांनी मी येण्याआधीच संपवल्या होत्या. उरल्या होत्या त्यांच्या खाली इंग्रजी अक्षरं पळायची. ती वाचून मराठीत सांगायला माणूस हवं होतं, आणि वर राहायला आलेली मी आयतीच सापडले. शनिवार-रविवारची दुपार माझी त्यांच्याकडे जाऊ लागली. मे महिन्यात ऐकू यावं म्हणून कूलर बंद करून आम्ही घाम पुसत बसायचो आणि पडद्यावर बर्फ पडत असायचा. मी घाईघाईत काही गाळलं तर त्यांना बरोबर कळायचं. "एवढं मोठं बोलला तो, अन् तू दोनच शब्द सांगून राहिली. बाकीचं कोठी ठेवलं?"

त्यांचं हे वेड एकदा चुलीपर्यंत पोचलं होतं. पडद्यावरची माणसं उठता-बसता कोबीचं लाल लोणचं खातात हे बघून काकूंनी पत्ताकोबी आणली, भिवापुरी मिरची कुटली आणि बरणी भरून उन्हात ठेवली. चार दिवसांनी चाखल्यावर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. काकूंनी स्वतः एक घास खाल्ला, शांतपणे पाण्याचा तांब्या संपवला आणि म्हणाल्या, "हे खाल्लं तर मेलेला माणूस बी उठून बसंन."

खरी गंमत अशी की, आत्मा, पुनर्जन्म, परलोक हे शब्द त्या घरात चालायचेच नाहीत. काकूंचे यजमान, ज्यांना सगळा मोहल्ला आणि काकूही 'सर' म्हणत, महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मी आले त्याआधीच ते गेले होते, पण घरात त्यांची गाठ पडायचीच. कूलरची जाळी, खुर्चीचा हात, देवळीतल्या बुद्धमूर्तीच्या मागचा दिवा, सगळं त्यांनी सुतळीने, वाकड्या गाठी मारून, बांधून ठेवलेलं होतं. मोडलेली वस्तू टाकायची नाही आणि पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, असे त्यांचे दोन नेम. आई-वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली ती जुनं सारं सोडण्यासाठी, आणि ते मागच्या दाराने परत आणायचं नाही, हे त्यांचं ठाम मत. कोणी भुताखेताची गोष्ट काढली की चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "पुरावा काय?" काकू त्यांची नक्कल इतकी हुबेहूब करायच्या की न बघितलेले सर मला बघितल्यासारखे वाटू लागले.

विहारात रविवारी वंदनेला जमणाऱ्या बायकांना काकूंचं हे वेड खटकायचं. त्यांच्यातल्या ताराबाई तोंडाच्या फटकळ. एकदा माझ्यासमोरच त्यांनी काकूंना झापलं, "सरच्या घरी आत्मे अन् पुनर्जन्म? काय म्हणतीन लोक? जे सोडलं ते टीव्हीतून घरात आणून राहिल्या का तुम्ही?" काकू जराही गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, "ते लोक बी बुद्धाचेच हायेत, ताराबाई. त्याईच्या मालिकेत भंतेजी दिसते. मंग ते काहून दाखवते, त्याईले इचारा." ताराबाईंना कोरियाला जाऊन विचारणं शक्य नव्हतं, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

माझी आई एकदा अमरावतीहून आली होती, नेमकी वटपौर्णिमेला. तिने वडाला सूत गुंडाळलं, सात जन्म हाच नवरा मागितला, आणि घरी येऊन चहा पिताना काकूंना म्हणाली, "मागायचं म्हणून मागते बाई. सात म्हणजे जरा जास्तच होतात." काकू खूप हसल्या. आई वर गेल्यावर मात्र तुटलेल्या सुताचा एक धागा बोटाला गुंडाळत मला म्हणाल्या, "तुमच्यात सोय हाये वं. तुह्या मायले नको तरी सात भेटते. आमच्यात मागाचं म्हटलं तर कोनाले मागू?"

शेवट आधी का बघता, हे मी त्यांना त्याच दिवशी विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. सर दवाखान्यात होते. आता घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगून झालं होतं. काकू त्यांच्या उशाशी बसल्या आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी सरांपाशी काहीतरी बिनपुराव्याचं मागितलं. म्हणाल्या, "पुन्हा भेटू ना आपण? नुसतं हो म्हणा." सरांनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "खोटं कसं बोलू? जेवढं भेटलं तेवढं बहुत झालं."

"एक 'हो' म्हनाले काय जाऊन राहिलं होतं?" काकू म्हणाल्या. "मले का समजत नाही? मी बी दीक्षा घेतलेल्या घरची पोट्टी हाये. नाहीच भेटत, मले माहीत हाये. पन मरता मरता मानसानं बायकोचं मन नाही राखाचं?" इतक्या वर्षांनीही त्यांच्या आवाजातला रुसवा ताजा होता. त्या मालिका म्हणजे त्यांचं सरांशी चाललेलं भांडण होतं, हे मला तेव्हा कळलं. परक्या मुलखातली, परक्या भाषेतली माणसं एकामागून एक त्यांना 'हो' म्हणत होती, आणि ज्याने म्हणायला हवं होतं तो म्हणाला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात काकूंचे पाय सुजायला लागले. हृदय थकलंय, म्हणाले डॉक्टर. सुजाता रजा टाकून आली. त्याच सुमाराला एक नवी कोरियन मालिका सुरू झाली होती, जिचे भाग आठवड्याला येत होते. म्हणजे शेवट अजून आलेलाच नव्हता. एरवी काकू अशा मालिकेला हात लावत नसत. या वेळी मात्र म्हणाल्या, "लाव. थांबाले आता टाइम कोठी हाये?" गोष्ट एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाची आणि त्याच्या बायकोची होती. बायको आधी मरते. विसरण्याचा काढा प्यायला नकार देऊन नदीकाठी त्याची वाट बघत बसते. काकूंनी त्या घड्याळवाल्याला पहिल्याच दिवशी पास केलं. "याची चाल पाह्य. सरसारखी. पायाले पाय लागते."

शेवटचा भाग आला त्या शनिवारी सकाळी मी वरच्या खोलीत मोबाइलवर तो एकटीने बघून घेतला. काकूंचाच नेम, पण या वेळी मी पाळला. तो माणूस मरून नदीकाठी येतो, बायको समोर उभी राहण्याआधीच काढा पिऊन टाकतो. पुढच्या जन्मी ती सगळं आठवत असलेली आणि तो काहीच न आठवणारा, असे एका बसथांब्यावर शेजारी उभे राहतात. ती विचारते, तुम्ही मला ओळखता का? तो म्हणतो, नाही. बस येते, तो निघून जातो. संपलं.

भाग आलाच नाही असं सांगावं, असं मनात आलं. पण खाली गेले तर काकू उशांना टेकून, चष्मा लावून तयार होत्या. सुजाता स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी पेज करत होती. खालची इंग्रजी अक्षरं काकूंना कधीच वाचता येत नव्हती, आता तर नुसते चेहरे तेवढे दिसायचे. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला आणि वाचायला लागले. नदीकाठापर्यंत कसंबसं निभावलं. बसथांबा आला. बाईने प्रश्न विचारला.

"ती म्हणते, तुम्ही मला ओळखता का?" मी म्हणाले.

"मंग? तो काय म्हनते?"

"तो म्हणतो..." माझे ओठ नुसतेच हलले. "तो म्हणतो, तुमच्या पिशवीचा बंद तुटलाय. थांबा, माझ्याकडे सुतळी आहे."

काकूंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. पडद्यावर बस आली, माणूस चढला, बाई एकटी उभी राहिली, बर्फ पडायला लागला. मी तिकडे न बघता घाईघाईने बोलतच राहिले, "म्हणजे त्याला आठवलंय, काकू. सगळं आठवलंय. भेटले ते."

"कोरियात सुतळी कोठून आली वं?" काकू म्हणाल्या. हसत होत्या. मग म्हणाल्या, "'आनियो' म्हटलं त्यानं. आनियो मंजे नाही. इतके वर्षं पाहून राहिली मी, तेवढं येते मले."

मी मोबाइल खाली ठेवला. मला रडू आवरेना. काकूंनी माझी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि कितीतरी वेळ निरखत राहिल्या.

"सरचं तोंड त्या दिवशी असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "एकदम असंच. व्हट हाले, अन् शब्द निंघे ना. मले वाटे, केवढा कोरडा मानूस. अवं, त्याईले बी खोटं बोलाचं होतं. तुले जमलं, त्याईले जमलं नाही. जन्मभर सवयच नव्हती ना." मग भिंतीकडे बघत, जणू तिथे कोणी उभं आहे अशा आवाजात म्हणाल्या, "फुकटच रुसून बसली मी एवढे दिवस."

पेजेची वाटी घेऊन आलेली सुजाता दारातच थांबली होती. काकूंनी डोळे पुसले, उशी नीट केली आणि मला कोपराने ढोसलं. "सुतळीनं बंद बांधला. मंग पुढं? सांग ना, थांबली काहून?" मग मी सांगत गेले. त्याने गाठ मारली, ती नेहमीसारखी वाकडी बसली. तिने त्यावरून त्याला टोकलं. दोघं बसथांब्यामागच्या टपरीवर चहा प्यायले, त्याने साखर जास्त झाल्याची तक्रार केली आणि कप रिकामा केला. सुजाता खाली बसून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "बाबा चहा बशीत ओतून प्यायचे." मी तेही घातलं.

त्यानंतर काकूंनी एक नवी मालिका धरली. मी सवयीने शेवटचा भाग लावायला गेले, तर त्यांनी हात धरला. "राहू दे. पहिल्यापासून लाव." आम्ही रोज थोडी थोडी बघत होतो. त्यातली दोघं अजून एकमेकांना नीट ओळखतही नव्हती, नुसती भांडत होती. काकूंना ते भांडण फार आवडायचं. संत्र्यांचे ढीग बाजारात दिसायला लागले त्या दिवसांत, एका सकाळी, सुजाताशी बोलता बोलता त्या गेल्या. ती मालिका अर्धीच राहिली. मी पुढे लावली नाही. मला काकूंची फार आठवण येते, आणि सर्वांत जास्त येते ती शनिवारी दुपारी, खालून हाक येण्याच्या वेळेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. भंतेजींनी सूत्रपठण केलं, सारं अनित्य आहे ते सांगितलं, आणि सगळ्यांनी माना खाली घालून ऐकलं. माणसं पांगल्यावर मी अंगणात खुर्च्या रचत होते, तेव्हा ताराबाई जवळ आल्या. त्यांचे मालक मागच्याच वर्षी गेले होते. इकडेतिकडे बघून, नेहमीचा फटकळ आवाज खाली घेऊन त्यांनी विचारलं, "बाई, ते घड्याळवाल्याची मालिका... काकूनं सांगितली होती मले अर्धी. शेवटी भेटले का वं ते दोघं?"

मी हो म्हणाले, आणि त्यांना बसायला खुर्ची देऊन सुतळीचंही सांगितलं.